मधल्या महिन्यांचा हिशेब

'कितवा लागला?' हा प्रश्न डिलाईल रोडवरच्या चाळींच्या गॅलरीत आजही सहज विचारला जातो. उत्तर 'दुसरा' असेल तर विचारणारीचा आवाज खाली येतो. 'नववा' असेल तर न मागता चार सूचना मिळतात. 'पाचवा' म्हटले की ती 'मग काय, आता बरे दिवस' म्हणते आणि बादली घेऊन पुढे जाते.

दिवस खरेच बरे असतात. चौदाव्या ते सत्ताविसाव्या आठवड्यात, म्हणजे बायकांच्या बोलीतल्या चौथ्या, पाचव्या, सहाव्या महिन्यांत मळमळ ओसरते, तोंडाला चव येते, झोप लागते. पोट दिसू लागते पण आड येत नाही. पण बरे दिवस म्हटले की सगळ्यांचे लक्ष उडते, घरच्यांचे, कामावरच्यांचे आणि थोडे यंत्रणेचेही. आपल्याकडे गरोदरपणात किमान चार तपासण्या सांगितल्या आहेत: बारा आठवड्यांच्या आत एक, चौदा ते सव्वीसमध्ये एक आणि उरलेल्या दोन अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर. मधल्या तीन महिन्यांच्या वाट्याला एकच भेट. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये तपासण्या आठवर नेल्या, त्यांतही या काळात दोनच येतात, विसाव्या आणि सव्विसाव्या आठवड्यात. आणि याच काळात बाळाच्या अवयवांची सोनोग्राफी होते, साखर तपासली जाते, लोह सुरू होते आणि गरज असेल तर पिशवीच्या तोंडाला टाकाही पडतो.

हा आढावा डिलाईल रोडच्या निमित्ताने घ्यायचे कारण सरळ आहे. गरोदरपणाची पुस्तके आराम म्हणजे उशी, तेल आणि संगीत असे समजून लिहिलेली असतात. इथे आराम म्हणजे जिना, नळ, संडास आणि लोकल. कागदोपत्री ना. म. जोशी मार्ग असलेल्या या रस्त्यावर बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात बीडीडीच्या ३२ चाळी उभ्या केल्या. तळमजल्यावर तीन मजले, एका चाळीत ८० खोल्या, एक खोली १६० चौरस फुटांची, आणि संडास मजल्यावर सामाईक. पुनर्विकासात ५०० चौरस फुटांची घरे मिळणार आहेत. वरळीच्या बीडीडीत ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या दिल्याही गेल्या. पण जुन्या चाळीत, संक्रमण शिबिरात किंवा भाड्याच्या खोलीत असलेल्या बाईचा पाचवा महिना टॉवर पुरा होईपर्यंत थांबत नाही.

आधी शरीरात काय होते ते पाहू. गरोदरपणात रक्ताचे एकूण प्रमाण चाळीस ते पन्नास टक्क्यांनी वाढते आणि त्यातली बरीच वाढ या मधल्या महिन्यांत होते. वाढतो तो मुख्यतः रक्तातला पातळ भाग. तांबड्या पेशी त्या वेगाने वाढत नाहीत, म्हणून निरोगी बाईचेही हिमोग्लोबिन या काळात थोडे खाली येते. रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब उतरतो, आणि जमिनीवरून झटकन उठले की डोळ्यांपुढे अंधारी येते. मे महिन्याच्या उकाड्यात, लोअर परळच्या पुलावर उभ्या-उभ्या हे झाले तर घाबरून जायला होते. बसावे, डोके खाली घ्यावे, पाणी प्यावे. वारंवार होत असेल, छातीत धडधड किंवा धाप असेल तर मात्र उकाड्यावर न ढकलता रक्त तपासून घ्यावे.

नाक चोंदते, हिरड्यांतून रक्त येते, छातीत जळजळ होते, शौचाला साफ होत नाही. पोटावर काळी रेघ उमटते, गालांवर वांग येतात. झटकन वळले की जांघेत कळ जाते. पिशवीला धरून ठेवणारे बंध ताणले जात असतात, म्हणून ती कळ येते आणि क्षणभरात थांबते. रात्री पोटरीत गोळा येतो. तेव्हा पाय लांब करून अंगठा आपल्याकडे ओढावा, दाबत बसू नये. दात दुखत असेल तर 'बाळंतपण होऊ दे' म्हणून थांबू नये. दातांच्या उपचारांना सगळ्यांत सोयीचा काळ हाच.

आणि बाळ फिरू लागते. पहिलटकरणीला ते साधारण अठराव्या ते विसाव्या आठवड्यात कळते, दुसऱ्या खेपेला दोनेक आठवडे आधी. सुरुवातीला पोटात वायू फिरल्यासारखे वाटते. वार पुढच्या बाजूला असेल तर उशीर लागतो. चोविसावा आठवडा उलटला आणि काहीच जाणवले नाही तर दाखवून यावे. शेजारणीचे कधी फिरले, याच्याशी तुलना करून उपयोग नाही.

रक्ताच्या प्रश्नाला या भागात इतिहास आहे. १९२८ मध्ये लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली आणि परळच्या हाफकिन संस्थेतून काम करू लागली. गरोदर बायकांना होणारा एक तीव्र पंडुरोग तेव्हा अनेकींचा जीव घेत होता. ज्यांच्या ताटात भाज्या, फळे, प्रथिने जवळपास नव्हती, अशा गरीब बायकांत, विशेषतः मुसलमान वस्त्यांत तो जास्त दिसे. यकृताच्या अर्काने गुण येई, पण तो महाग. विल्सने यीस्टचा अर्क, म्हणजे विलायतेत पावाला लावून खायचे स्वस्त मार्माइट, वापरून पाहिले आणि रोगी बायका उभ्या राहिल्या. १९३१ मध्ये तिने हे प्रसिद्ध केले. त्या अर्कातला उपयोगी घटक पुढे फोलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला. १९४१ मध्ये तो पालकाच्या पानांतून वेगळा काढला गेला. आज जगभर गरोदर बाईला जी गोळी देतात तिचे एक मूळ डिलाईल रोडपासून चालत जाता येईल अशा परळच्या आवारात आहे, हे इथल्या फारशा कुणाला ठाऊक नसते. संस्थेच्या दारावर याची एखादी ठळक पाटी असायला हरकत नाही, असे मला नेहमी वाटते.

याच सुमारास मार्गारेट बालफोर आणि शकुंतला तळपदे या डॉक्टर गिरणीत काम करणाऱ्या बायकांच्या बाळंतपणांचा अभ्यास करत होत्या. १९२६ मध्ये केईएम आणि नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह ही दोन रुग्णालये परळला सुरू झाली होती. त्यामुळे 'वाडियात नाव घातलंय' हे वाक्य इथल्या चार पिढ्यांनी उच्चारले आहे.

शंभर वर्षांनंतरही रक्ताचा हिशेब पुरा झालेला नाही. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५२.२ टक्के गरोदर बायकांचे हिमोग्लोबिन ११ च्या खाली होते. महाराष्ट्रात हे प्रमाण ४५.७ टक्के. सरकारी नियमाप्रमाणे चौथ्या महिन्यापासून रोज एक, अशा १८० लाल गोळ्या घ्यायच्या. एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड असते. त्याच काळात जंताची एक गोळी आणि दिवसातून दोनदा कॅल्शियम. गोळ्या मिळतात, पण पोटात जात नाहीत. त्यांनी मळमळते, शौच काळे होते, बद्धकोष्ठ वाढतो, आणि संडासाच्या रांगेत उभे राहणाऱ्या बाईला बद्धकोष्ठ ही लहान गोष्ट नसते. गोळी रात्री जेवणानंतर थोड्या वेळाने घेतली तर मळमळ झोपेत निघून जाते. कॅल्शियम तिच्याबरोबर घेऊ नये, ते लोह शोषू देत नाही. चहाचेही तेच, म्हणून जेवणाआधी-नंतर तासभर चहा बाजूला ठेवावा. गिरणगावात ही सूचना पाळणे अवघड आहे, हे मान्य. लिंबू पिळलेली पालेभाजी, आवळा, पेरू यांनी लोह अंगी लागते. गोळी अगदीच सोसत नसेल किंवा हिमोग्लोबिन फार उतरले असेल तर शिरेतून लोह देता येते. सातवा लागायच्या आत ते केले तर रक्त भरायला वेळ मिळतो.

माती, खडू, कच्चे तांदूळ खावेसे वाटणे हा डोहाळ्यांतला जुना प्रकार. कालिदासाच्या 'रघुवंशा'तली सुदक्षिणा राणीही माती खाते. आजच्या डॉक्टरला मात्र अशा डोहाळ्यात आधी लोहाची उणीव दिसते. हसण्यावारी न नेता तपासणीच्या वेळी तो सांगावा.

खाण्याबद्दल इथल्या घरांत सल्ल्यांची वाण नाही. दोन जिवांसाठी दुप्पट खायचे, हा त्यांतला सगळ्यांत टिकाऊ आणि सगळ्यांत चुकीचा. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या शिफारशीप्रमाणे गरोदरपणात दिवसाला सुमारे ३५० उष्मांक जास्त लागतात, म्हणजे एक भाकरी, वाटीभर उसळ आणि थोडे दूध. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या घरांची जुनी ताटे या कामाला उत्तम आहेत: नाचणी, कुळीथ, चवळी, सुके बोंबील, बांगडा. मासे बंद करायची गरज नाही. मोरी आणि मोठ्या शिकारी माशांत पारा जास्त असतो, ते टाळावेत आणि लहान मासे नीट शिजवून खावेत. पिकलेल्या पपईच्या फोडीने काही होत नाही. चीक असलेली कच्ची पपई टाळावी, इतकेच. ग्रहणात सुरी हाती घेऊ नये, ही समजूत निरुपद्रवी आहे. पण पोटुशीला चार-पाच तास पाणीही देऊ नये, ही नाही. विशेषतः साखर असलेल्या बाईच्या बाबतीत तो खरा धोका आहे.

जेवणात काय आहे याइतकेच ती कधी जेवते हेही महत्त्वाचे. घरातल्या सगळ्यांचे झाल्यावर, रात्री अकराला, उरलेले खाऊन भांडी घासायची आणि लगेच आडवे व्हायचे. मग छातीत जळजळ होणार नाही तर काय? जळजळीवर औषध आहे, पण आधी तिचे ताट सात-आठला वाढले जावे. मधल्या महिन्यांत भूक लागते तेव्हा थोडे थोडे, पाच-सहा वेळा खाल्लेले बरे. चणे-कुरमुरे, केळे, उकडलेले अंडे पिशवीत मावते.

आता चाळ. चढ-उतार करू नये, असा सल्ला शेजारपाजारून मिळतो. निरोगी गरोदर बाईला जिना वर्ज्य नाही. धाप लागते ती या काळात श्वासाची गती मुळातच बदललेली असते म्हणून. थांबत थांबत चढले की पुरते. खरा धोका पाय घसरण्याचा. सांधे सैलावलेले, तोल पुढे गेलेला, आणि जुलैत पायऱ्या ओल्या. तेव्हा एक हात कठड्याला आणि दुसरा मोकळा हवा. दुसरा हात मोकळा राहात नाही, कारण त्यात बादली असते.

पाणी हा मधल्या महिन्यांतला सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत कमी लिहिला गेलेला विषय आहे. नळाला पाणी ठरावीक वेळी येते आणि तेव्हा पिंप भरायचे असते. पंधरा लिटरची भरलेली कळशी म्हणजे पंधरा किलोहून जास्त वजन, तेही वाकून, ओल्या फरशीवर, पुन्हा पुन्हा. विसाव्या आठवड्यानंतर गरोदर बाईने उचलायच्या वजनाची मर्यादा बरीच खाली येते, आणि जमिनीवरून वाकून उचलण्याची तर फारच. नववा लागला की नवरा किंवा दीर पाणी भरतो. पाचव्यात 'तिला जमतंय की' म्हणून भरत नाही. या लेखातला एकच सल्ला पाळायचा ठरवला तर हा पाळावा: पाण्याची पाळी चौथ्या महिन्यातच दुसऱ्याकडे द्यावी. एक मोटर, एक लांब नळी, एक समंजस दीर, यांतले जे उपलब्ध असेल ते. पाठदुखीच्या मलमापेक्षा याने जास्त फरक पडतो.

दुसरी गोष्ट संडासाची. मोठी होणारी पिशवी आणि वाढलेले रक्त यांमुळे लघवीला वारंवार जावे लागते. सामाईक संडास गॅलरीच्या टोकाला, रात्री दिवा गेलेला, सकाळी रांग. यावर बायका जो उपाय शोधतात तो घातक आहे, त्या पाणीच कमी पितात. मग लघवी धरून ठेवली जाते, जळजळ सुरू होते, जंतुसंसर्ग मूत्रपिंडापर्यंत जातो आणि थंडी वाजून ताप येतो. अशा संसर्गाने कळा अवेळी सुरू होऊ शकतात. काहींच्या लघवीत तर जळजळीशिवायही जंतू सापडतात, म्हणून तपासणीत लघवीची बाटली टाळू नये. घरात रात्रीपुरती झाकणाची बादली ठेवायला कुणाला लाज वाटत असेल तर ती गिळावी. आजेसासूच्या काळात ती होतीच.

झोप जमिनीवर. त्यात काही वाईट नाही. उठताना मात्र सरळ कंबरेतून न उठता कुशीवर वळून, हातांवर भार देऊन उठावे. गुडघ्यांच्या मध्ये गुंडाळलेली गोधडी ठेवली तर कंबरेला आराम पडतो. पोटमाळ्यावर झोपायची सवय असेल तर शिडी आता बंद. उताणे झोपण्याची भीती फार पसरली आहे. अभ्यासांतून जो धोका दिसतो तो अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतरचा. मधल्या महिन्यांत कुशीची सवय लावून घ्यावी. मध्यरात्री जाग आली आणि आपण उताण्या आहोत असे दिसले तर वळून पुन्हा झोपावे. नवरा-बायकोचा संबंध या महिन्यांत, रक्तस्राव किंवा खाली आलेली वार नसेल तर, सुरक्षित असतो. १६० चौरस फुटांत सासू-सासऱ्यांसह राहणाऱ्यांना हे वाक्य वाचून हसू येईल, तेही समजण्यासारखे आहे.

घराबाहेर पडले की लोकल. पश्चिम रेल्वेचे लोअर परळ आणि मध्य रेल्वेचे करी रोड, दोन्ही स्टेशने या रस्त्याला लागून. त्यांच्यामधला डिलाईल पूल जुलै २०१८ मध्ये धोकादायक म्हणून बंद झाला तो पूर्णपणे उघडला नोव्हेंबर २०२३ मध्ये. त्या पाच वर्षांत इथल्या किती पोटुशींनी वळसे घालत तपासणीला पायपीट केली असेल, याची मोजदाद कुणी केलेली नाही. गरोदर बायकांना लोकलच्या दिव्यांगांच्या डब्यात चढायची मुभा आहे. पाचव्या महिन्यात पोट धड दिसत नाही आणि डब्यातले लोक संशयाने बघतात, म्हणून फाईल किंवा डॉक्टरांची चिठ्ठी हाताशी असावी. गर्दीची गाडी सोडून द्यावी, धावती गाडी पकडू नये. हे सांगायला लागू नये, पण मुंबईत सांगावे लागते.

गणपतीत लालबागच्या रांगेत तासन् तास उभे राहण्याचा नवस या वर्षी फेडू नये. पोटातले बाळ साधारण चोविसाव्या आठवड्याच्या आसपास ऐकू लागते. ढोलाने ते बहिरे होईल असे नाही, पण भिंतीएवढ्या स्पीकरसमोर तासभर उभे राहण्यात आईचेही भले नाही.

पावसाळा हा वेगळाच अध्याय. गिरण्यांच्या जागी बांधकामे चालू, त्यांत साचलेल्या पाण्यावर मलेरिया आणि डेंग्यूचे डास. तुंबलेल्या पाण्यातून चालले की लेप्टोचा धोका. गरोदर बाईला मलेरिया जड जातो आणि बाळालाही. ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासावे, घरच्या क्रोसिनवर तीन दिवस काढू नयेत. दूषित पाण्यातून होणारी ई प्रकारची कावीळ इतरांना सहसा बरी होऊन जाते, गरोदर बाईला मात्र ती प्राणघातक ठरू शकते, विशेषतः शेवटच्या महिन्यांत. म्हणून पाणी उकळायचे ते जूनपासून, सगळ्या घरासाठी.

तपासण्यांत सगळ्यांत महत्त्वाची आहे अठरा ते वीस आठवड्यांची सोनोग्राफी. बाळाचा मेंदू, पाठीचा कणा, हृदय, मूत्रपिंडे, हातपाय एकेक करून पाहिले जातात. रुग्णालयात तारीख लांबची मिळते, म्हणून ती चौथ्या महिन्यातच घेऊन ठेवावी. घाई असण्याचे आणखी एक कारण कायद्यात आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भपाताची मुदत काही विशिष्ट परिस्थितींत चोवीस आठवड्यांपर्यंत गेली. त्यानंतर बाळात गंभीर व्यंग असेल तरच, आणि तेही वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाने. दुर्दैवाने काही निघाले तर दुसरे मत घ्यायला, विचार करायला, रडायला दिवस हातात हवेत. बाविसाव्या आठवड्यात सोनोग्राफी झाली तर ते उरत नाहीत. मुलगा की मुलगी हे इथे विचारायचे नाही आणि सांगायचेही नाही. असा कायदा देशात सर्वांत आधी महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, १९९४ चा केंद्राचा कायदा नंतरचा. पोट टोकदार की गोल, यावरून भाकीत करणाऱ्या काकू मात्र कुठल्याच कायद्यात बसत नाहीत. त्यांचे निम्मे अंदाज बरोबर येतात, कारण पर्यायच दोन आहेत.

या महिन्यांत ज्यांचे मूल पूर्वी गेले आहे अशा बायकांसाठी एक नाव घ्यायलाच हवे, डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर. गोव्यातल्या शिरोड्यात १८९९ मध्ये जन्मलेले, मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज आणि जे. जे. रुग्णालयात काम केलेले. काही बायकांची गर्भपिशवीची मान चौथ्या-पाचव्या महिन्यातच, कळांशिवाय, उघडते आणि चांगले वाढणारे बाळ हातातून जाते. त्या मानेभोवती पट्टी घालून ती बांधून ठेवण्याची शस्त्रक्रिया शिरोडकरांनी १९५५ मध्ये मांडली आणि 'शिरोडकर टाका' जगभरच्या प्रसूतिशास्त्राच्या पुस्तकांत गेला. पुढे ऑस्ट्रेलियातल्या मॅकडोनल्डने १९५७ मध्ये सोपी पद्धत आणली आणि आज तीच जास्त वापरली जाते. टाका साधारण बाराव्या ते चौदाव्या आठवड्यात घालतात. म्हणून आधीचे मूल पाचव्यात गेले असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगितले पाहिजे. 'अपशकुन नको' म्हणून हा इतिहास सुनेला डॉक्टरांपुढे बोलू न देणारी घरे अजून आहेत.

साखरेची तपासणी चोवीस ते अठ्ठावीस आठवड्यांत. चेन्नईच्या डॉ. व्ही. शेषय्यांच्या कामातून आलेली आपल्याकडची पद्धत सोपी आहे: जेवून आलेले असा वा उपाशी, पाण्यातून ७५ ग्रॅम ग्लुकोज घ्यायचे आणि दोन तासांनी रक्त द्यायचे. आकडा १४० किंवा वर आला तर मधुमेह धरून चालतात. अनेकींना त्यावर आहार आणि चालणे पुरते. विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाबावरही नजर हवी. तो १४०/९० च्या वर जाणे, चेहरा आणि हात सुजणे, डोके फुटल्यासारखे दुखणे, डोळ्यांपुढे काजवे चमकणे ही सगळी धोक्याची लक्षणे. संध्याकाळी पावले थोडी सुजणे नेहमीचे आहे. सकाळी उठल्यावर तोंड सुजलेले असणे नेहमीचे नाही. अंगावरून लाल जाणे, पाणी जाणे, ठरावीक अंतराने पोट घट्ट होऊन दुखणे, फिरणारे बाळ गप्प होणे, यांसाठी दुसऱ्या दिवसाच्या ओपीडीची वाट पाहू नये. केईएम आणि वाडिया रात्री उघडेच असतात. दर महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी केंद्रांत दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीतल्या बायकांची मोफत तपासणी असते. ही योजना २०१६ पासून आहे, तिचा उपयोग करावा.

शेवटी काम. गिरण्या असताना वाइंडिंग आणि रीळ खात्यांत बायका पोटुशी असतानाही उभ्या असायच्या. मुंबई प्रांताने १९२९ मध्ये प्रसूती लाभाचा कायदा केला, तो देशातला पहिला. त्याआधी जुलै १९२८ मध्ये विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच्या बाजूने भाषण केले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. तेव्हा ते परळच्या चाळीतच राहात. १९६१ चा केंद्रीय कायदा, २०१७ ची २६ आठवड्यांची दुरुस्ती आणि आता सामाजिक सुरक्षा संहिता, हे सगळे त्या वाटेवरचे. पण आकडेमोड करून पाहा. रजेतले जास्तीत जास्त आठ आठवडे प्रसूतीआधी घेता येतात, म्हणजे बत्तिसाव्या आठवड्यापासून. जड किंवा तासन् तास उभे राहण्याचे काम नाकारायचा हक्क प्रसूतीआधीच्या सहा आठवड्यांच्याही आधीच्या एका महिन्यापुरता, म्हणजे साधारण तिसाव्यापासून. पाचव्या महिन्यातली बाई कायद्याच्या लेखी अजून धडधाकट कामगार असते. तिच्या उपयोगाचे कलम एकच, गरोदरपणामुळे आजारी पडली तर एक महिन्यापर्यंतची जादा भरपगारी रजा. ते फार थोड्या कार्यालयांत सांगितले जाते.

गिरण्यांच्या जागी आज काचेची कार्यालये, मॉल आणि उपाहारगृहे आहेत, आणि डिलाईल रोडच्या मुली तिथे कपड्यांच्या दुकानात नऊ तास उभ्या असतात. दुकानातल्या कामगाराला बसायला मिळालेच पाहिजे, असा कायदा केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये केला. स्टूल मिळत नसेल तर निदान एक पाय आलटून-पालटून पाटावर ठेवावा, अधूनमधून टाचा वर-खाली कराव्यात आणि घरी आल्यावर पाय उंचावर ठेवावेत. टॉवरमध्ये धुणीभांडी करणाऱ्या बाईला यातले काहीच नाही. तिला रजा म्हणजे काम सुटणे. मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी मिळणाऱ्या ५,००० रुपयांपैकी ३,००० चा पहिला हप्ता नोंदणी आणि तपासणी झाल्यावर येतो. त्याचा अर्ज याच महिन्यांत भरून टाकावा.

सातव्यात डोहाळजेवण होते आणि पहिलटकरीण माहेरी जाते, साताऱ्याला, कोल्हापूरला, कणकवलीला. मधले महिने इथे संपतात, आणि चुकांचा एक मोठा गठ्ठा याच प्रवासात होतो, कारण साडी, नारळ, लाडू बरोबर जातात पण फाईल डिलाईल रोडच्या कपाटातच राहते. सोनोग्राफीचा अहवाल, रक्तगट, हिमोग्लोबिन, साखर, धनुर्वाताच्या इंजेक्शनांच्या तारखा हे सगळे फोनमध्ये काढून घ्यावे आणि मूळ कागद पिशवीत टाकावेत. निघण्याआधी माहेरच्या गावातल्या रुग्णालयातही नाव घालावे. रक्तगट निगेटिव्ह आणि नवऱ्याचा पॉझिटिव्ह असेल तर अठ्ठाविसाव्या आठवड्यात अँटी-डी इंजेक्शन लागते. तो आठवडा नेमका ओटीभरणाच्या आणि एस.टी.च्या तिकिटाच्या धामधुमीत येतो. तालुक्याच्या गावी ते तयार मिळेलच असे नसते, म्हणून निघायच्या आधी इथेच घ्यावे.